'उद्या या' म्हणणाऱ्या दुकानदाराला काय विकायचं?

वाचकांचे प्रश्न

या वेळची नागपुरातली बहुतेक पत्रं एकाच धंद्याबद्दल आहेत. वस्तीतल्या दहा-पंधरा दुकानांच्या जाहिराती एका कागदावर छापायच्या, तो कागद ठरलेल्या घरांत पोचवायचा आणि जागेचे पैसे दुकानदारांकडून घ्यायचे. छपाई प्रेसवाला करून देतो, वाटायला पोरं मिळतात. घोडं अडतं ते दुकानाच्या पायरीवर, म्हणून उत्तरांतही जास्त जागा त्या पायरीलाच दिली आहे.

प्रश्न : दीड महिन्यापासून फिरून राहिलो. प्रतापनगर चौकापासून खामला रोडपर्यंत चाळीसेक दुकानं झाली. हाकलून कोणी देत नाही, दोघा-तिघांनी चहाही पाजला. पण शेवटी सगळ्यांचं एकच, 'उद्या या'. उद्या गेलं की पुन्हा उद्या. चुकतं कुठं?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

चहा पाजतात म्हणजे वागण्याबोलण्यात चूक नाही. 'उद्या या' हा आपल्याकडचा सभ्य नकार आहे आणि त्यामागे बहुतेकदा दोनच गोष्टी असतात. एक तर तुम्ही अवेळी गेलात. नाही तर तुमचा कागद खरोखर घरात पडेल यावर त्याचा भरवसा नाही.

आधी वेळेचं बघू. सकाळी दुकान उघडून बोहनी व्हायच्या आत पैशाची गोष्ट काढणारा माणूस दुकानदाराला वर्गणीवाल्यासारखा दिसतो. मग तो तोंडानं काहीही म्हणो, मनात नाही ठरलेलं असतं. किराणा आणि मेडिकल स्टोअरला दुपारी तीन ते साडेचार ही बरी वेळ. संध्याकाळी सहानंतर तिकडे फिरकूसुद्धा नका. खानावळ-रेस्टॉरंटला साडेअकरा किंवा दुपारी चार. एक वाजता गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघणारही नाही. शिकवणी वर्गाचे सर संध्याकाळच्या बॅचआधी, दोन ते चार मोकळे असतात. बुटीक-ब्लाउजवाल्यांकडे बारा ते दोन. जिमचा मालक दुपारी नसतोच. त्याला गाठायचं तर सकाळी साडेआठच्या सुमारास, पहिली गर्दी ओसरली की. हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकवाल्यांकडे सकाळी मिस्त्री-प्लंबरांची झुंबड असते, तिथं दुपारीच जा. एप्रिल-मेमध्ये मात्र हे सगळं वेळापत्रक साडेदहा ते साडेबारा आणि पाचनंतर इतक्यातच बसवावं लागतं. भर दुपारी घामानं थबथबलेला माणूस दुकानात आला तर त्याला पाणी देतात, ऑर्डर देत नाहीत.

आता बोलण्याचं. 'आम्ही जाहिरातीचं काम करतो, तुमच्या बिझनेसची वाढ...' अशी सुरुवात झाली की कान बंद. पहिल्या दोन वाक्यांत वस्ती, घरांचा आकडा, आठवडा आणि त्याच्या धंद्याची एकच जागा, एवढं आलं पाहिजे. उदाहरणार्थ : 'भाऊ, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रतापनगर आणि त्रिमूर्तीनगरच्या दहा हजार घरांत हा कागद जाऊन राहिला. कूलर दुरुस्तीची यात एकच जागा आहे. दुसऱ्या कूलरवाल्याला घेत नाही.' आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न त्याला विचारू द्या. तो हमखास विचारतो, 'किती पैसे?' किंवा 'आणखी कोण कोण आहे?' दुसरा प्रश्न आला तर गोष्ट पुढं सरकली असं समजा. वयानं मोठे असतील त्यांना काका, काकाजी. इतवारी, सदर, जरीपटक्यात सुरुवात हिंदीतच करा. तिथं पुस्तकी मराठीचा आग्रह धरला तर समोरचा संकोचतो.

हातात व्हिजिटिंग कार्ड नको, डमी हवी. ज्या जाडीच्या कागदावर छापणार, त्याच कागदावर, खऱ्या आकारात आखलेल्या रिकाम्या चौकटी. डमी टेबलावर ठेवू नका, हातात द्या. कागदाची जाडी बोटांना कळते. तो चौकटीवर बोट ठेवून 'ही का?' म्हणाला की खिशातली पेन्सिल काढून त्याच्यासमोर तिथं दुकानाचं नाव लिहा. पेनानं नको. पेन्सिलीचं नाव खोडता येतं, त्यामुळे तो आडवा येत नाही. पण स्वतःचं नाव चौकटीत दिसलं की ते खोडायला सांगणं त्यालाही जड जातं. शेजारच्या ओळखीच्या दुकानाचं नाव आधीच तिथं असेल तर अर्धं काम झालेलं असतं. म्हणून पहिली दोन नावं, वस्तीतली लोक मानतात अशी, थोडी सूट देऊन का होईना, आधी मिळवा. न विकलेल्या चौकटीत खोटं नाव लिहायचा मोह होतो. तसं करू नका. दुकानदार एकमेकांना फोन करतात.

दुसरं कारण भरवशाचं, आणि तेच मोठं. जवळजवळ प्रत्येक दुकानदारानं कधी ना कधी पॅम्प्लेट छापून घेतलेली असतात आणि त्यांतले गठ्ठे रद्दीत गेलेलेही पाहिलेले असतात. त्याच्यापुढं 'आमचं वाटप चोख असतं' हे वाक्य कवडीमोल आहे. त्याऐवजी गल्ल्यांची यादी दाखवा. विक्रीला निघण्याआधी सायकलनं किंवा पायी फिरून घरं मोजा : कोणत्या देवळाच्या मागची गल्ली, कोणत्या बागेच्या समोरची ओळ, किती घरं, किती फ्लॅट स्किम (सदनिकांच्या इमारती), कुठं खाली टपालपेट्या आहेत आणि कुठं नाहीत. दहा हजार घरांची अशी यादी हाती लिहिली तर पंधरा-वीस पानं होते. ती वही काउंटरवर उघडली की दुकानदार आपली स्वतःची गल्ली शोधतो. त्याच्या गल्लीतल्या घरांचा आकडा बरोबर निघाला तर बाकीच्या वहीबद्दल तो विचारत नाही. चुकला तर तुम्ही संपलात, म्हणून मोजणी अंदाजानं करू नका.

वहीच्या मागच्या पानांवर फिरतीची नोंद ठेवा : दुकान, निर्णय घेणारा कोण (काउंटरवरचा मुलगा की वडील), कोणत्या वेळी मोकळा, सध्या जाहिरात कुठं करतो, पुन्हा कधी बोलावलं. 'उद्या या' म्हटलं की तिथंच विचारा, 'उद्या चार वाजता चालेल?' वेळ दिली तर खरं, टाळली तर नकार. तीन खेपा झाल्या की त्या अंकापुरतं नाव बाजूला ठेवा. छापलेला कागद मात्र त्याला नेऊन द्या. पुढच्या अंकाला अशांतलेच काही जण स्वतःहून बोलतात. आणि चाळीस दुकानं हा आकडा लहानच आहे. चौदा चौकटी भरायच्या तर दीडशे दुकानांची यादी धरून चाला.

प्रश्न : एका चौकटीचा भाव कसा ठरवायचा? दुकानदार म्हणतात, एवढ्यात मी स्वतःच छापून घेईन.
— वाचक, मानेवाडा

खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या प्रेसचे आणि मजुरीचे दर घालून पुन्हा मांडा.

समजा कागद साडेआठ बाय अकरा इंच, दोन्ही बाजू रंगीत, १० हजार प्रती. कागद धरून छपाई २५ हजार, वाटप १२ हजार, डिझाईन ४ हजार, किरकोळ २ हजार. एकूण ४३ हजार. मागच्या बाजूला ४ बाय अडीच इंचाच्या आठ चौकटी, पुढं कागदाच्या नावाची पट्टी, दोन मोठ्या आणि चार लहान. लहान चौकट साडेचार हजार, मोठी नऊ हजार. सगळं विकलं तर ७२ हजार. दोन्ही मोठ्या आणि सहा लहान विकल्या की ४५ हजार, म्हणजे खर्च निघाला. तुमची कमाई उरलेल्या सहा चौकटींत आहे, हे लक्षात ठेवून शेवटच्या चौकटी मातीमोल विकू नका.

'स्वतः छापीन' म्हणणाऱ्याला वाद घालू नका. कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर मांडा : साडेचार हजार भागिले दहा हजार घरं, घरामागे ४५ पैसे. त्याचं एकट्याचं लहानसं पॅम्प्लेट छापून वाटायचं तर वाटपाची मजुरी एकट्यालाच १२ हजार पडते, कारण पोराला गल्ली तेवढीच चालावी लागते, कागद लहान असो की मोठा.

मग त्याचा हिशेब करा. एका गिऱ्हाइकामागे त्याच्या हाती किती उरतं? एसी सर्व्हिसिंगवाल्याला ३०० उरत असतील तर पैसे निघायला १५ गिऱ्हाइकं लागतात. डबेवाल्या ताईंना महिन्याला एका डब्यामागे ६०० उरत असतील तर आठ, आणि ती टिकली तर पुढच्या महिन्यापासून नफाच. मॉड्युलर किचनवाल्याला एक ऑर्डर पुरते. चहा-पोह्याच्या टपरीला मात्र हे गणित जमत नाही. तर्री-पोह्याच्या एका प्लेटमागे जे उरतं त्यात साडेचार हजार काढायला किती प्लेटी लागतील ते तुम्हीच बघा. अशा माणसाला चौकट विकली तर पैसे एकदा मिळतील आणि वस्तीभर तुमची तक्रार महिनाभर फिरेल. त्याला नाही म्हणा.

प्रश्न : यूट्यूबवर पाहिलं की अमेरिकेत मोठं कार्ड छापून पोस्टानेच घरोघर पाठवतात. नागपुरात तसं होईल का?
— विद्यार्थी, हिंगणा रोड

तिकडच्या टपाल खात्याची 'एव्हरी डोअर डायरेक्ट मेल' ही सेवा आहे. पत्त्याशिवायचं कार्ड पोस्टमनच्या अख्ख्या फेरीतल्या प्रत्येक घराच्या पेटीत पडतं. घरोघर टपालपेटी असते म्हणून ते जमतं. आपल्या टपाल खात्यानंही पत्ता नसलेल्या जाहिरातींसाठी 'डायरेक्ट पोस्ट' काढलं, किमान १००० प्रतींच्या अटीवर. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत जाऊन आजचा दर आणि कोणत्या भागात नेतात ते विचारा, आणि लेखी घ्या.

नाव-पत्ता घालून साधं टपाल करायचं तर पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये धरले तरी १० हजार घरांचे ५० हजार होतात, म्हणजे वरच्या हिशेबातल्या एकूण खर्चापेक्षा जास्त. '५० पैशाचं पोस्टकार्ड तर स्वस्त' असं मनात येईल, पण छापील मजकुराच्या कार्डाला तो दर लागत नाही. टपालाची खरी जागा वेगळी आहे : सोनाराची दोनशे जुनी गिऱ्हाइकं, अक्षय्य तृतीयेच्या आधी, नावानिशी. ती यादी दुकानदाराच्या स्वतःच्या वहीतली असावी. बाजारात विकत मिळणाऱ्या नाव-मोबाइलच्या याद्यांना हात लावू नका. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि त्या याद्यांतले निम्मे लोक घर बदलून गेलेले असतात ते वेगळंच.

प्रश्न : वाटप पेपरातून करावं की पोरं लावून? पेपरवाल्यांनी टाकलंच नाही तर कळणार कसं?
— वाचक, नंदनवन

पेपरातून स्वस्त आणि एका सकाळी होतं. गठ्ठे आदल्या दिवशी पोचते करावे लागतात. पहाटे सेंटरवर, म्हणजे पेपर उचलायच्या ठिकाणी, लाइनीप्रमाणे (एका पोराच्या फेरीतली घरं म्हणजे एक लाइन) पेपर मोजताना विक्रेते ते आत सरकवतात. अडचणी अशा : अनेक घरांत आता पेपर येतच नाही, काही घरांत दोन येतात आणि तुमचा कागद दोनदा जातो, आणि रविवारी एकेका पेपरात इतकी पॅम्प्लेट असतात की घरात पेपर झटकूनच उघडतात. मंगळवार ते गुरुवार घ्या. एकाच दिवशी सगळं टाकू नका. पाच लाइनींत टाकून बघा, मग पुढच्या.

पोरं लावली तर चार जण, रोज प्रत्येकी पाचशे घरं, पाच दिवस. प्रतापनगर, नंदनवनसारख्या बंगल्या-रो-हाउसच्या वस्तीत हा वेग जमतो. मनीषनगर, बेसा भागातल्या मोठ्या स्किममध्ये चौकीदार आत सोडत नाही. तिथं पोरगं काय करतं? शंभर कागद चौकीदाराकडे देऊन पुढं निघतं, आणि ते शंभरही खुर्चीखाली जातात. अशा स्किमच्या सचिवांना आधी भेटून परवानगी घ्या आणि कागद खालच्या टपालपेट्यांतच टाकायचा ठरवा. पेट्या नसतील तर ती स्किम यादीतून काढा आणि दुकानदाराला सांगितलेला आकडाही कमी करा. गेटच्या सळईत खोचलेला कागद वाऱ्यानं रस्त्यावर येतो. दुसऱ्या दिवशी रस्ताभर दुकानदाराचं नाव पायदळी. घडी घालून फाटकाच्या आत टाकायला शिकवा.

पोराला एका वेळी अडीचशेच द्या. १३० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) या आकाराच्या अडीचशे प्रती जवळजवळ दोन किलो भरतात. त्यापेक्षा जास्त ओझं दिलं की गठ्ठा कमी करायची घाई सुटते. संपले की परत यायचं, गल्लीच्या यादीवर खूण करायची, मग पुढचे अडीचशे.

तपासणीसाठी प्रत्येक लाइनीत किंवा दहा गल्ल्यांत एक ओळखीचं घर ठरवून ठेवा, पोरांना न सांगता. संध्याकाळी फोन. ज्या घरात आला नसेल तिथली अख्खी गल्ली पुन्हा करा. शिवाय प्रत्येक भागाच्या प्रतींवर कोपऱ्यात वेगळी खूण असावी. ती छपाईच्या प्लेटवर करायची गरज नाही. गठ्ठ्याच्या कडेला रंगीत पेनाची एक रेघ ओढली तर प्रत्येक कागदाच्या कडेवर ठिपका उमटतो. गिऱ्हाईक दुकानात घेऊन आलेल्या कागदाच्या कडेवरून कोणता भाग बोलला ते कळतं. दुकानदारासमोर तो ठिपका दाखवला की दुसऱ्या अंकाची बोलणी आपोआप सुरू होते.

प्रश्न : प्रेसवाल्यानं १३० चा कागद सांगून हलका लावला असा संशय आहे. ओळखायचं कसं?
— वाचक, सक्करदरा

वजन करा. साडेआठ बाय अकरा इंच आकाराच्या शंभर प्रती १३० जीएसएमला सुमारे ७८४ ग्रॅम भरतात, ११५ ला सुमारे ६९४ आणि ९० ला सुमारे ५४३. किराण्याच्या काट्यावर हा फरक स्पष्ट दिसतो. त्याच काट्यानं प्रतीही मोजता येतात : १० हजार प्रती म्हणजे ७८ किलोच्या आसपास. दोन किलो कमी म्हणजे अडीचशे प्रती कमी.

आकारही विचार करून घ्या. २३ बाय ३६ इंचाच्या शीटमधून साडेआठ बाय अकराच्या आठ प्रती ब्लीडसकट (कातरण्यासाठी ठेवलेली जास्तीची कड) निघतात. ए-फोरची उंची ११.६९ इंच, २३ इंचात तसे दोन बसत नाहीत, मग दुसऱ्या मापाचा कागद लागतो किंवा कातर वाया जाते. १० हजार प्रतींना १२५० शीट, वर शेकडाभर वाया जाणाऱ्या. बिलात दीड-दोन हजार शीट दिसल्या तर विचारा.

आणि प्रूफबद्दल (छपाईआधी तपासायचा नमुना), विचारलं नसलं तरी. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधली कोरलची (डिझाईनच्या सॉफ्टवेअरची) फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'ऱ्या', रफार आणि जोडाक्षरं फुटतात. फाइल कर्व्हमध्ये (अक्षरांची चित्रं करून) बदलूनच द्या आणि बदलल्यावर पुन्हा वाचा. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांचं काळं केलं तर प्लेट केसभर सरकताच अक्षराला सावली येते. स्क्रीनवरचा झगझगीत संत्र्याचा रंग कागदावर मातकट उतरतो. दुकानदाराला मोबाइलवर डिझाईन दाखवून होकार घेतला असेल तर नेमका यावरूनच वाद होतो. होकार कागदी प्रूफवर, सहीनिशी घ्या. मोबाइल नंबर वाचून तपासू नका, प्रूफवर बघत फोन लावून तपासा. एका आकड्याची चूक म्हणजे त्या दुकानाचे साडेचार हजार परत, आणि कदाचित कायमचं गिऱ्हाईक गेलं. क्यूआर असेल तर दोन सेंटिमीटरहून लहान नको.

प्रश्न : आमच्या भागात दवाखाने, शिकवण्या आणि बिल्डर भरपूर. सगळ्यांच्या जाहिराती घेता येतात ना?
— वाचक, वर्धा रोड

नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत (२००२ चे नियम) गिऱ्हाईक ओढणारी जाहिरात बसत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर काही दिवस नसतील, फी अमुक आहे, अशा स्वरूपाचं निवेदन चालतं. तेवढीच चौकट विका. 'मधुमेह मुळापासून बरा' वगैरे मजकूर कितीही पैसे मिळत असले तरी नको : औषध आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा छापून वाटणाऱ्यालाही लागू होतो. वकिलांनाही अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या दारात वेळ घालवू नका.

बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. लहान चौकटीत हे सगळं कोंबलं की बाकी काही दिसत नाही. त्यांना मोठीच चौकट सांगा. शिकवणी वर्गांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. निवडीची हमी देता येत नाही, आणि विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी. सरांना संमतीपत्राची प्रत मागा. राग आला तर फोटो काढून टाका, चौकट राहू द्या.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचा मजकूर या कागदावर घेऊ नका. कायद्याची बाजू आहेच, पण उरलेल्या तेरा दुकानदारांना ते आवडत नाही, ही बाजू त्याहून जड.

प्रश्न : मी गृहिणी आहे. हे काम एकटीनं करता येईल का? दुकानात शिरायचाच धीर होत नाही.
— वाचक, खामला

येईल. बुटीक, पार्लर, घरगुती डबे, पाळणाघर, नृत्य-संगीत वर्ग इथून सुरुवात करा. ही मंडळी जाहिरातीच्या शोधात असतात आणि त्यांच्याकडे विकायला जाणारे कमी. पहिले दोन दिवस विकायचंच नाही असं ठरवून फक्त मोकळी वेळ विचारून या. सोबत कोणी असेल तर उत्तम, पण बोलणारा एकच असावा. पायरीवर दोघं एकदम बोलली की दुकानदार गोंधळतो.

प्रश्न : दुकानदार म्हणतात, 'आधी वाटा, मग पैसे.' काय करावं? आणि चौकटी भरल्याच नाहीत तर?
— वाचक, जरीपटका

नोंदणीला निम्मे, प्रूफवर सही करताना उरलेले निम्मे. प्लेट निघण्याआधी पूर्ण पैसे हातात. वाटून झाल्यावर वसुलीला फिरायचं म्हणजे तोच रस्ता दुसऱ्यांदा चालायचा, या वेळी वाईट तोंडानं. त्याला धाक वाटतो तो पैसे बुडण्याचा, तर त्यावर उत्तर पावतीत द्या : 'अमुक तारखेपर्यंत कागद छापला नाही तर पूर्ण रक्कम परत.' ही ओळ छापील पावतीवर असली की बऱ्याच जणांचा हट्ट मावळतो. ती तारीख पाळा. आठ चौकटींच्या खाली राहिलात तर पैसे परत करून मोकळे व्हा. अर्धा रिकामा कागद वाटला तर दुसऱ्या अंकाला कोणी उभं करणार नाही. घेतलेली आगाऊ रक्कम तोवर वेगळ्या खात्यात, घरखर्चात नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा हिशेब पहिल्या अंकापासून लिहा.

'एका धंद्याला एकच जागा' हे आश्वासनही पावतीवर नेमकं लिहा. मिठाईवाला केक विकतो, बेकरीवाला दिवाळीला फराळ. 'मिठाई व नमकीन' अशी नोंद असेल तर बेकरीची 'केक व वाढदिवस' ही चौकट तुम्हाला विकता येते. नुसतं 'खाद्यपदार्थ' लिहिलंत तर तीन चौकटी गेल्या.

प्रश्न : पहिला अंक कधी काढावा? दिवाळीला काढायचा विचार आहे.
— वाचक, महाल

दिवाळी टाळा. तेव्हा प्रेस भरलेली, दुकानदार बेजार, आणि घरात आलेल्या कागदांच्या ढिगात तुमचा कोणता ते कोणाला कळत नाही.

नागपुरातला पहिला अंक कूलरचा. होळी झाली की कूलर बाहेर निघतात, पंप अडकलेले, ताट्यांची खस कुजलेली. त्या आठवड्यात कूलर दुरुस्ती, एसी, माठ, उन्हाळी कपडे, पाण्याची टाकी साफ करणारे या सगळ्यांना गिऱ्हाईक लागतं. कागद फेब्रुवारीच्या शेवटी घरात हवा. मागं मोजत या : वाटप एक आठवडा, छपाई पाच दिवस, प्रूफ चार दिवस, विक्री पाच आठवडे. म्हणजे फिरती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू, आणि संक्रांतीचा तीळगूळ दुसऱ्या खेपेला हातात. दुसरा अंक मेच्या शेवटी : गळती, वॉटरप्रूफिंग, छत्री-रेनकोट, शिवाय वह्या-दप्तर. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी उघडतात. पुण्या-मुंबईचं वेळापत्रक बघून दप्तरवाल्याला घाई करू नका, तो तुम्हाला बाहेरगावचा समजेल. पावसाळ्यात गुळगुळीत आर्ट पेपर भिजला की प्रती एकमेकींना चिकटून थप्पीच होते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वाटप नको. फक्त तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांच्या पोळ्याच्या) आधी, आकाश मोकळं असलं तर, खेळणी, मुलांचे कपडे आणि फोटो स्टुडिओ यांचा लहानसा, एकाच बाजूनं छापलेला कागद महाल-सक्करदऱ्यात काढून बघायला हरकत नाही. त्यासाठी पाच हजार प्रती पुरे.